टाचेवरची खाच

१४ सप्टेंबर

पोचलो एकदाचा! समुद्रकाठच्या आपल्या चिंबोतेहून आठ तास बस, पुढे तीन तास ट्रकमध्ये बटाट्याच्या पोत्यांवर, आणि शेवटचा चढ पायी. दलिलाने ही वही देताना शपथ घातलीय, रोज काहीतरी लिहायचं. शाळा तू चौथीत सोडलीस, निदान अक्षरांनी तरी तुला सोडून जाऊ नये, असं म्हणाली. नाताळात घरी गेलो की शुद्धलेखन तपासणार आहे. बहीण धाकटी, पण रुबाब मास्तरणीचा.

तर मास्तरीणबाई, लिहितो. गावाचं नाव वाराकांचा. पन्नासएक घरं, एक देऊळ, त्याची घंटा चिरकी. समोर डोंगर. त्याला इथे नाव घेऊन कुणी बोलवत नाही, सगळे ‘आजोबा’ म्हणतात. आजोबांच्या डोक्यावर वर्षभर बर्फ. माझं काम म्हणजे तो बर्फ कापायचा, गाढवांवर लादायचा आणि खाली बाजारात आणायचा. तिथे माझी मालकीण डोन्या ऑक्ताविया तो रंध्याने किसते, पेल्यात भरते आणि वर लाल-पिवळं सरबत ओतते. लोक रांग लावतात. कारखान्यातला यंत्राचा बर्फ इथे कुणाला चालत नाही. आजोबांचा पाहिजे.

डोन्याचा नवरा डॉन मेल्चोर, माझा मालक. साठीचा असेल. गालात कायम कोकाच्या पानांची गोळी, त्यामुळे एक गाल सुजल्यासारखा. त्याने माझा वास घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, मासळीच्या कारखान्यातून आलास ना? म्हटलं हो. तर म्हणाला, मग काळजी नको, मासळी बर्फात टिकते. बाजारातल्या बायका खो खो हसल्या. झालं, माझं नाव निल्टन राहिलं बाजूला. सगळ्या गावाची मी ‘मासोळी’.

डोकं ठणकतंय. हवा पातळ आहे म्हणतात. पण कसला वास नाही, भोंगा नाही, मुकादम नाही. इथे टिकणार मी. हसू नकोस.

१७ सप्टेंबर

कामाची पद्धत लिहून ठेवतो. पहाटे निघायचं. दोन गाढवं, एकाचं नाव मंत्री, कारण तो चालताना थांबतो आणि का थांबला ते कुणाला सांगत नाही. दुसरी राणी. वाटेवर विळ्याने इचू गवत कापायचं, चांगले दोन भारे. बोटं बधिर होतात, दोन तास जातात. मग बर्फाच्या कडेला मोठा काळा खडक आहे तिथे गाढवं बांधायची, पुढे आपण. कुऱ्हाडीने चर पाडायचा, करवतीने लादी सोडवायची, गवतात गच्च गुंडाळून दोर मारायचा. गवतात बर्फ वितळत नाही. ऊन तापायच्या आत खाली.

म्हाताऱ्याने, म्हणजे डॉन मेल्चोरने, मला टायरच्या चपला करून दिल्या. परसात ट्रकचा एक जुना टायर आहे, त्याचा शेवटचा तुकडा शिल्लक होता. डाव्या टाचेला त्याने सुरीने एक खाच पाडली. गाढवांच्या कानांना पण तशीच खाच आहे. म्हटलं, मी तुमचं जनावर झालो का? तर म्हणाला, जनावर महाग असतं.

एकच नियम त्याने दोनदा सांगितला. खाली आलेलं गवत पुन्हा वर न्यायचं नाही. परसात जाळायचं. रोज नवीन कापायचं. का, म्हणून विचारलं तर हिरवं थुंकला आणि म्हणाला, आजोबांना उष्टं चालत नाही.

२२ सप्टेंबर

आज म्हातारा मला बर्फाच्या जिभेपर्यंत घेऊन गेला. म्हणजे जिथे बर्फ संपतो तो शेंडा. त्याच्या खाली तळं आहे, हिरवंगार, तळ कुणाला सापडलेला नाही. बर्फावर त्याने काठ्या रोवल्या आहेत, एका रांगेत. बर्फ चालतो म्हणे. दर वर्षी काठ्या किती खाली सरकल्या ते तो पावलांनी मोजतो.

मी विचारलं, कशासाठी. तेव्हा त्याने सांगितलं. त्याचा मुलगा रुपेर्तो अकरा वर्षांपूर्वी वरच्या मोठ्या भेगेत पडला. दोर पुरला नाही. पण बर्फ त्याला घेऊन चालतोय. हिशेबाने आणखी दोन वर्षांत तो जिभेशी येईल. तिथून बापाला त्याला बाहेर काढता येईल. डोन्याने स्मशानात आपल्या आईशेजारी जागा मोकळी ठेवलीय. फक्त त्याआधी जीभ तुटता कामा नये. तुटली तर तो तळ्यात जाणार, आणि मग कायमचा गेला.

हे सगळं त्याने बस उशिरा येणार असल्यासारखं सांगितलं. उतरताना माझ्या पायांकडे बघून म्हणाला, त्याच्या चपलाही त्याच टायरच्या. डावी टाच खाचेची. त्यावरूनच ओळखणार आहे, तोंडाचं काय राहिलं असेल कुणास ठाऊक.

माझ्या पायात तोच टायर. आज पायमोजे दोन घातले.

३० सप्टेंबर

म्हाताऱ्याचा गुडघा सुजलाय. चार दिवस मी एकटा जातोय. एकटा! चिंबोतेत माझ्या हातात कुणी झाडू पण एकट्याने दिला नव्हता.

आता एक गोष्ट फक्त वहीला. परसात वाळलेल्या गवताचा ढीग पडला होता, डोन्या जाळायला विसरली. चांगलं कोरडं, मऊ गवत. पहाटे त्या थंडीत विळा घेऊन वाकायचं कशाला? मंत्रीच्या पाठीवर टाकलं आणि निघालो. दोन तास वाचले. काळ्या खडकाला टेकून उन्हात झोप काढली. आजोबा काही बोलले नाहीत.

परत खाली आणताना कुणी बघू नये म्हणून आता निम्मं गवत वरच ठेवतो. बर्फात खड्डा करून त्यात दाबतो. डोन्याला वाटतं, परसातला ढीग मी जाळून टाकला.

६ ऑक्टोबर

त्याच गवताच्या सहा खेपा झाल्या. काम इतकं लवकर होतं की करायचं काय कळत नाही. म्हणून वर भटकत असतो. मोठ्या भेगेपर्यंत मात्र गेलो नाही. दुरून निळी दिसते, बंद डोळ्यासारखी.

आज जिथे गवत पुरलंय तिथला बर्फ गुलाबी दिसला. आधी वाटलं सरबत सांडलं. खरवडलं तर आत पण गुलाबी. वास घेतला तर कलिंगडाचा! शपथ. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडीवर फोड मिळते तसा. एक मूठ खाल्ली. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, मग उतरताना चार वेळा दगडाआड बसायला लागलं. मंत्री पण बघून तोंड फिरवत होता.

गुलाबी भाग कुऱ्हाडीने तासून टाकतो आणि पांढरा तेवढाच खाली आणतो.

१३ ऑक्टोबर

वाढतंय. गवताच्या खड्ड्याभोवती पार गावच्या चौकाएवढं झालंय, आणि गुलाबी राहिलेलं नाही, लाल आहे. आणि जिथे जिथे मी चाललो तिथे माझी पावलं लाल उठलीत. बाकी पांढरं, मध्ये रांगेने लाल पावलं. प्रत्येक डाव्या टाचेला खाच.

काळ्या शर्टाला ऊन लागतं तसं त्या लालाला लागतं. आजूबाजूचा बर्फ घट्ट राहतो आणि पाऊल तेवढं वितळून खाली जातं. आज एका पावलात हात घातला, कोपरापर्यंत गेला. एवढं खोल पाऊल पडायला माणूस किती जड पाहिजे!

म्हाताऱ्याने विचारलं, वर कसं आहे. म्हटलं, पांढरंशुभ्र.

नदीला पाणी वाढलंय. बाजारात सगळे खूश, शेतांना पाणी मिळतंय. एक बाई म्हाताऱ्याला म्हणाली, आजोबा यंदा उदार झालेत. तो म्हणाला, बाई, म्हातारं माणूस एकाएकी सगळं वाटायला लागलं की घरच्यांनी घाबरायचं असतं.

१९ ऑक्टोबर

दुपारी जीभ तुटली. सगळी नाही, शेंड्याचा देवळाएवढा तुकडा. तळ्यात पडला तो आवाज गावात ऐकू आला, घरातली भांडी हलली. डॉन मेल्चोर तसल्या गुडघ्याने छपरावर चढले आणि कितीतरी वेळ वर बघत बसले. डोन्या खालून ओरडत होती, उतरा हो म्हातारबुवा, आता तुम्हाला कुठल्या बर्फातून काढू!

उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, वर लाल दिसतंय का. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते लिहितो.

रुपेर्तो आळशी होता. पोर गोड, पण आळशी. पहाटे गवत कापायचा कंटाळा, म्हणून जुनंच गवत चोरून वर न्यायचा. वाळलं तरी त्यात लालाचं बी जिवंत राहतं. वर नेलं की ते उन्हात उठतं. तेव्हा पहिल्यांदा लाल आलं. डॉनना कळलं तेव्हा ते चिडले, त्याच्या मुस्काटात मारली आणि सांगितलं, जा, एक एक काडी वेचून आण, त्याशिवाय घरी तोंड दाखवू नकोस. भर दुपार होती. तो वेचायला गेला.

मग माझ्या चपलांकडे बघून म्हणाले, तू जाळतोस ना?

मी म्हटलं, हो डॉन.

२४ ऑक्टोबर

रात्री ताजा बर्फ पडला. सकाळी वर गेलो तर सगळं झाकलेलं, कोरं. इतका आनंद झाला की मंत्रीचा मुका घेतला.

बारा वाजले आणि पावलं वर आली. नव्या बर्फातून, एकेक करून. आधी फिकट डाग, मग लाल, मग खळगा.

पण ती माझ्या वाटेवरची नव्हती. मी गवताकडून खडकाकडे येतो. ही रांग मोठ्या भेगेपासून निघाली होती. तिकडे मी गेलेलोच नाही. बोटं खालच्या बाजूला. म्हणजे भेगेतून बाहेर, खाली. डावी टाच खाचेची.

पाऊल घालून बघितलं. बरोबर बसलं.

अकरा वर्षांपूर्वीची असतील. वरचा थर वितळला की जुनं दिसतं. त्याचीच जुनी पावलं. पण तो भेगेकडे गेला होता. मग ही बाहेर कशी —

२८ ऑक्टोबर

पहाटे सगळं गोठलेलं असतं, तेव्हा काही होत नाही. पहाट चांगली. ऊन आलं की सुरू होतं. मी आता नऊच्या आत उतरतो. लाद्या लहान येतात, डोन्या कुरकुर करते.

तरी आज उशीर झाला. बघून आलो. रांग पुढे सरकलीय, काळ्या खडकापर्यंत आली. म्हणजे जिथे मी गाढवं बांधतो. शेवटची दोन पावलं जवळ जवळ होती. माणूस उभा राहून बघतो तेव्हा पडतात तशी.

मंत्री खडकाच्या अलीकडेच थांबला. मारलं, ओढलं. का थांबला ते या वेळी मला कळलं.

काठ्या आडव्या पडल्यात. बर्फाच्या आतून पाण्याचा आवाज येतो. डॉनचा हिशेब दोन वर्षांचा होता. दोन महिने पण जीभ धरणार नाही.

दलिला, मी काय करून बसलो ग.

३१ ऑक्टोबर

डोन्याने आज पिठाची बाळं भाजली, मेलेल्यांच्या सणाची. एकाच्या पोटावर रुपेर्तोचं नाव. मला एक कोरं दिलं. म्हणाली, खा लेकरा, किती वाळलास, पायांना रंग कसला लागलाय?

तळवे लाल आहेत. धुऊन जात नाही.

डॉन म्हणाले गुडघा बरा आहे. सण झाला की तीन तारखेला स्वतः वर येणार, काठ्या बघायला. त्याआधी मला सगळं गवत काढायला पाहिजे. सांगून टाकावं का? काठ्यांबद्दल बोलताना त्यांचा आवाज कसा होतो ते मी ऐकलंय. नाही सांगता येत.

१ नोव्हेंबर

मेलेले आज दुपारी बाराला येतात आणि उद्या बाराला जातात. येताना दार उघडं, जाताना दार उघडं. टेबलावर उकडलेले बटाटे, भाजलेला मका, तळलेला कुई, म्हणजे घरी पाळलेला गिनीपिग, मक्याची दारू, ते पिठाचं बाळ. उंबऱ्याच्या आत डोन्याने चाळणीने राख पसरली. आलेल्याचं पाऊल दिसावं म्हणून. दर वर्षी पसरते, अकरा वर्षांत कधी काही उमटलं नव्हतं.

पाहुण्याला निवांत जेवता यावं म्हणून आम्ही तिघं बाहेर परसात उभे राहिलो. मी दोघांच्या मधे. घंटा वाजत होती तेवढा वेळ मी माझ्या पायांकडे बघत होतो. हलले नाहीत. हे मी लिहून ठेवतो. माझे पाय हलले नाहीत.

आत गेलो. राखेत एकच पाऊल. डावं. आत जाणारं.

डोन्या टाळ्या वाजवत रडायला लागली. हसत पण होती. “अकरा वर्षं उशीर केलास रे मेल्या! आणि पाय पुसून यायची सवय अजून लागली नाही!” शेजारणींना हाका मारल्या, सगळ्या जमल्या, कुणी म्हणालं टाच बघा, खाच बघा.

डॉननी खाच बघितली. मग माझ्या चपला बघितल्या. माझ्या चपलांचे तळ कोरडे होते, राख नव्हती. मी खाली वाकलो. पावलातली राख ओली होती. ओलीच्या कडेला गुलाबी. कलिंगडाचा वास.

बाहेर जाणारं पाऊल नव्हतं.

डॉननी माझ्या पेल्यात दारू ओतली. म्हणाले, परवा जाऊ आपण दोघं वर.

२ नोव्हेंबर, सकाळ

सगळं गाव स्मशानात चाललंय. डोन्या जात नाही. म्हणते, माझा घरी आहे, मी रिकाम्या जागेवर फुलं कशाला ठेवू? तिने दार लावून घेतलंय. खिडकीलाही फळी मारली. डॉन बाहेरून समजावत होते, बाराला त्याला जायचंय, उघड, ही रीत नाही. ती आतून ओरडली, एकदा तुम्ही त्याला भर दुपारी घराबाहेर घातलंत, आता मी घालू का?

डॉन उंबऱ्यावर बसले.

मी निघतोय. पोतं घेतलंय. एक एक काडी वेचणार. बाराच्या आत खाली.

मंत्री आला नाही. एकटाच.

दुपार

वेचलं. खड्ड्यातलं सगळं. पोतं भरलं. पण वाऱ्याने काड्या वर गेल्या होत्या, भेगेच्या बाजूला, लाल लाल वाटेने. थोड्याच राहिल्या होत्या. थोड्याच —

पावलांच्या खाली काही नव्हतं. वरून बर्फ दिसतो, आत पोकळ. लालाने खाल्लेलं. माझं पाऊल त्या खाचेच्या पावलात ठेवलं आणि —

पाय मोडलाय. उजवा. वही शर्टात होती. पेन्सिल आहे.

वर फट दिसते. तिच्यातून ऊन येतं. गावची चिरकी घंटा इथपर्यंत ऐकू येते. बारा.

दार उघडलं असेल का?

तीच दुपार

बर्फाच्या भिंती लाल आहेत. ऊन आतून पेटल्यासारखं. पाणी ठिबकतंय. हाका मारल्या. पाण्याचा आवाज मोठा आहे.

शेजारी भिंतीत एक कोनाडा आहे. माणसाएवढा. डोकं, खांदे, वाकलेला गुडघा, सगळ्याचा ठसा. कुणीतरी खूप वर्षं तिथे टेकून बसल्यासारखा. रिकामा आहे. खाली ओल्या बर्फात पायांचे ठसे. डावी टाच —

बसून बघितलं नाही. बसणार नाही.

३ नोव्हेंबर असावा

रात्री सगळं गोठलं. तेव्हा बरं होतं. थंडीने कोनाड्यात सरकलो. तेवढीच कोरडी जागा. अंगाला बरोबर बसतं.

सकाळ झाली. वर ऊन.

डॉनची हाक. खरंच डॉनची. वर आलेत. मी ओरडतोय, आवाज निघत नाही. ते हाक मारतायत ती रुपेर्तो म्हणून. वर फक्त पावलं दिसत असतील त्यांना. खाचेची.

दोर दिसला. पुरत नाही. हातभर कमी.

ओढून घेतला. ते गेले. मोठा दोर आणायला गेले असतील. हो ना?

पुन्हा दुपार

बर्फ हलतोय. खालच्या बाजूला, हळूहळू. तळ्याचा आवाज जवळ आलाय.

पाय लाल गुडघ्यापर्यंत. हात पण. वहीला लागतंय, बघ दलिला, हे तुझं शुद्धलेखन

बाजारात म्हणाले होते मासळी बर्फात टिकते

भिंत पाठीला चिकटली. सुटत नाही —

डॉन, ही वही सापडली तर वाचा. जीभ तुटायच्या आधी बर्फाने मला तुमच्यापर्यंत आणून दिलं तर टाच बघू नका. खाच बघू नका. तोंड बघा. मी निल्टन. चिंबोतेचा, दलिलाचा भाऊ. स्मशानातली ती मोकळी जागा माझी नाही. गवत मीच वर नेलं, मी खोटं बोललो. तुमचा रुपेर्तो इथे नाही डॉन, तो घरात आहे, डोन्याने दार लावलंय, ते उघडा, त्याला परत यायला सांगा, त्याची जागा मी धरून बसलोय, तो येईपर्यंत मला इथून सुटता —